मॅक्वारी बेटाची ओल: ससे, वारा आणि तळ्यातला गाळ

टास्मानियापासून आग्नेयेला सुमारे दीड हजार किलोमीटर गेलं की, न्यूझीलंड आणि अंटार्क्टिका यांच्या साधारण मध्यावर, मॅक्वारी नावाचं लांबुडकं बेट लागतं. लांबी ३४ किलोमीटर, रुंदी जेमतेम पाच, क्षेत्रफळ सुमारे १२८ चौरस किलोमीटर. चहूबाजूंनी समुद्रात उतरणारे तीव्र उतार आणि वर दोनशे ते चारशे मीटर उंचीवर पसरलेलं पठार. झाड एकही नाही. वर्षातले तीनशेहून जास्त दिवस पाऊस, बर्फ किंवा नुसती भुरभुर चालू असते. तरी वर्षाचा एकूण पाऊस भरतो हजार मिलिमीटरच्या आसपास. कोकणात जुलैच्या एका महिन्यात एवढा पडून जातो. तिथे तो बारा महिने थोडाथोडा पडतो आणि हवा कायम थंड, त्यामुळे जमिनीला वाळायला सवडच मिळत नाही. तळी, डबकी, शेवाळाचे गालिचे आणि उतारांवरून सतत पाझरणारं पाणी असं ते बेट आहे.

पाणथळ जागा, चराई आणि हवामानबदल हे तीन विषय एकत्र आले की मला हेच प्रकरण आठवतं. इथे चराई किती होती, केव्हा वाढली, केव्हा घटली आणि कोणत्या साली पूर्ण थांबली याची नोंद आहे. १९४८ पासून बेटावर ऑस्ट्रेलियाचं कायमचं संशोधन केंद्र आहे आणि तेव्हापासून तिथल्या हवेची रोजची मोजणी होते. बहुतेक ठिकाणी चराईचा परिणाम कुठे संपतो आणि हवामानाचा कुठे सुरू होतो हे कळायला मार्ग नसतो. इथे निदान तसा प्रयत्न करता येतो.

पाणी धरून ठेवतं कोण

बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर एक सखल पट्टी आहे. मोहिमेवरची माणसं तिला 'फेदरबेड' म्हणतात, म्हणजे पिसांची गादी. वरून बघितलं तर हिरवंगार मैदान. पाऊल टाकलं की मैदान हलतं, कारण ती झाडोऱ्याची विणलेली चटई असते आणि तिच्याखाली पाणी असतं. एकानं उडी मारली तर काही अंतरावर उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या पायाखालची जमीन डुलते. चटई जिथे विरळ असेल तिथे माणूस कमरेपर्यंत आत जातो.

सगळं बेट असं नाही, पण तत्त्व सगळीकडे हेच आहे. उतारांवर पोआ फोलिओसा नावाच्या उंच गवताचे ठोंब असतात, एकेक ठोंब माणसाच्या छातीला लागेल एवढा. त्यांच्यामध्ये स्टिल्बोकार्पा पोलारिस वाढते, ताटाएवढ्या जाड सुरकुतलेल्या पानांची. सील मारायला आलेल्या दर्यावर्दींनी तिला 'मॅक्वारीची कोबी' म्हटलं. जहाजावर महिनोन्महिने ताजं काही न मिळाल्यानं हिरड्यांतून रक्त येणारी माणसं ती शिजवून खात. पठारावर रुपेरी पानांचं प्ल्युरोफायलम आणि वाऱ्याच्या माऱ्यातल्या उघड्या माळांवर अझोरेला, म्हणजे जमिनीला चिकटून फुगलेल्या हिरव्या उशा. ही सगळी झाडं मरतात तेव्हा थंडीमुळे आणि ओलीमुळे नीट कुजत नाहीत. त्यांचा काळपट स्पंजासारखा थर वर्षानुवर्षं चढत जातो, त्याला पीट म्हणतात. पाऊस आधी पानांवर पडतो, मग ठोंबांच्या बुडाशी मुरतो, मग या थरात साठतो आणि तिथून सावकाश खालच्या तळ्याला मिळतो.

म्हणून या बेटाची पाणथळ जागा तळ्याच्या काठाशी संपत नाही. तळ्याच्या वरचा अख्खा उतार तिचाच भाग आहे. हे ध्यानात ठेवलं नाही तर पुढची गोष्ट नुसती सशांची वाटते.

चरणारं जनावर नव्हतंच

१८१० मध्ये फ्रेडरिक हॅसलबरो या कप्तानाला हे बेट सापडलं. तोवर इथे दात असलेलं, गवत खाणारं जनावर कधी आलेलं नव्हतं. सील आणि पेंग्विन जमिनीवर येतात ते विणीला, पिसं-कात टाकायला; जेवायला ते समुद्रात जातात. त्यामुळे इथल्या झाडांनी चराईपासून बचावाचा कुठलाच उपाय कमावला नव्हता. काटे नाहीत, कडू रस नाही, खुडल्यावर झटकन फुटण्याची ताकद नाही.

आपल्याकडे कासच्या पठारावर गुरं पिढ्यान्‌पिढ्या चरत आली, आणि कुंपण घालून ती अडवल्यावर फुलांचं काय झालं यावर भरपूर वाद झाला. तो वाद मुळात योग्यच आहे, कारण तिथली झाडं आणि गुरं यांचा संबंध जुना आहे. चराई म्हणजे नासाडीच असं समीकरण मी मांडत नाही. मॅक्वारीवर तो संबंध नव्हता, एवढंच सांगायचं आहे.

सीलवाल्यांबरोबर मांजरं आली, उंदीर-घुशी आल्या. १८७० च्या दशकाच्या अखेरीस खायला मांस असावं म्हणून ससे सोडले. बेटावरचा पोपट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कायमचा नाहीसा झाला, जमिनीवर वावरणारी पाणकोंबडीच्या कुळातली एक जातही गेली. ससे मात्र वाढत राहिले. थंडी, वारा, चिखल, काही आड आलं नाही.

ससा नुसती पानं खात नाही. तो कोबीचे देठ कुरतडतो, तिची जाड मुळं उकरतो, गवताचा ठोंब बुडाशी पोखरतो आणि उतारात बीळ करतो. कोबीची मुळं जमिनीत खोल जात नाहीत, पण उतारावर तीच माती बांधून ठेवतात. ती गेली की खालचा पीट उघडा पडतो, आणि उघड्या पीटवर पहिल्यांदा रुजतं ते बाहेरून आलेलं बुटकं गवत. त्याला चराई सोसते. त्याच्या मुळांना तो उतार पेलत नाही.

तळ्याच्या तळाशी लिहिलेलं

सशांआधीचं बेट कसं होतं हे कुणी मोजून ठेवलेलं नव्हतं. ते कळलं तळ्यातल्या गाळातून, आणि या प्रकरणातला हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

पठारावर एमराल्ड लेक नावाचं लहानसं तळं आहे. क्रिस्टिना सॉन्डर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या तळातून गाळाचा उभा दंडगोल काढला. अशा दंडगोलाच्या पातळ चकत्या कापतात, प्रत्येक चकतीचं वय किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून ठरवतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली डायटम मोजतात. डायटम म्हणजे काचेचं कवच असलेलं एकपेशीय शेवाळ. पाणी कसं आहे, त्यात खतावा किती, गढूळपणा किती, यावर कोणती जात वाढणार हे ठरतं. जीव मरतो, कवच गाळात राहतं. त्यामुळे प्रत्येक चकती ही त्या-त्या काळच्या पाण्याची नोंद होते.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा: हजारो वर्षं तळ्यात गाळ अगदी संथपणे साचत होता. ससे आले त्या सुमारास तो वेग शंभरपटींहून जास्त वाढला. पाण्यातल्या डायटमच्या जातीही बदलल्या आणि वर्चस्व गेलं ते विस्कळीत, खतावलेल्या पाण्यात फोफावणाऱ्या जातींकडे. ससा पाण्यात उतरत नाही. तरी त्याच्या चरण्यानं तळ्याचं पाणी बदललं, कारण वरचा उतार सुटून तळ्यात येऊ लागला होता.

शंभरपट हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मागे जाऊन पुन्हा वाचला. एका जनावराच्या येण्यानं, आणि तेही दोन किलोच्या जनावराच्या.

एक ओढलं की दुसरं सुटतं

सशांवर पहिला मोठा उपाय झाला तो रोगाचा. मिक्सोमा विषाणू सशांना मारतो, पण तो पसरवायला चावणारा कीटक लागतो. म्हणून १९६८ मध्ये सशांवरच्या पिसवा बेटावर सोडल्या आणि त्या स्थिरावल्यावर १९७८ मध्ये विषाणू आणला. तेव्हा ससे सुमारे १,३०,००० असावेत असा अंदाज होता. ऐंशीच्या दशकात ते २०,००० च्या खाली आले आणि उतार पुन्हा हिरवे होऊ लागले.

मग मांजरांचा प्रश्न पुढे आला. ससे कमी झाल्यावर मांजरांनी बिळात राहणाऱ्या समुद्रपक्ष्यांवर जोर धरला. १९८५ पासून मांजरं मारायची मोहीम चालली आणि जून २००० मध्ये शेवटचं मांजर संपलं. पुढच्या काही वर्षांत ससे पुन्हा लाखावर गेले आणि वीस वर्षांत सावरलेला झाडोरा बघता बघता खलास झाला.

२००९ मध्ये डेना बर्गस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की मांजरं काढल्यामुळे ससे मोकाट झाले. ही गोष्ट जगभर गाजली. त्याच वर्षी दुसऱ्या गटानं उत्तर दिलं की सगळा दोष मांजरांच्या मोहिमेवर टाकता येणार नाही. विषाणूचा प्रभावही ओसरत होता, आणि मांजरं गेल्यावर करडे पेट्रेल पक्षी बेटावर पुन्हा वीण करू लागले, हा फायदा मोजलाच पाहिजे. मला दुसऱ्या गटाचं म्हणणं जास्त पटतं. पेट्रेल वाचवायचे तर मांजरं जायलाच हवी होती. चूक असेल तर ती क्रमाची. विषाणूवर भिस्त ठेवून, तो कमी पडला तर पुढे काय, याची तयारी न ठेवता पुढचं पाऊल टाकलं गेलं.

सप्टेंबर २००६ मध्ये जोरदार पावसानंतर लुसिटानिया उपसागराच्या वरचा उतार सुटला आणि दरड थेट किंग पेंग्विनांच्या वसाहतीवर आली. गाडले गेलेले पेंग्विन आणि उघडाबोडका उतार यांची छायाचित्रं सगळीकडे छापून आली. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: मॅक्वारीवर दरडी सशांच्या आधीही कोसळत होत्या. दोन भूपट्टांच्या सीमेवरच हे बेट उभं आहे. डिसेंबर २००४ मध्ये त्याच्या उत्तरेला ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला होता. पण मुळं असलेला उतार आणि नसलेला उतार यांना तोच पाऊस सारखा लागत नाही. बेटावर वर्षानुवर्षं त्याच त्या ठिकाणी उभं राहून छायाचित्रं घेणाऱ्या टास्मानियाच्या जेनी स्कॉट यांची आधीची-नंतरची चित्रं शेजारी ठेवली की आणखी पुरावा मागायचं कारण उरत नाही.

तेरा ससे

२००७ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियाच्या सरकारांनी मिळून सुमारे अडीच कोटी डॉलरची मोहीम मंजूर केली. ससे, घुशी आणि उंदीर, तिन्ही एकदमच काढायचे. मागचा धडा घेतलेला दिसतो तो इथे.

२०१० च्या हिवाळ्यात हेलिकॉप्टरमधून विषारी गोळ्या टाकायला सुरुवात झाली. हवामानानं साथ दिली नाही, जेमतेम दहावा हिस्सा उरकून काम थांबलं. तेवढ्यातही मेलेले ससे खाऊन जायंट पेट्रेल आणि गल पक्षी मेले. मोहीम पुढे रेटायची की नाही यावर त्यानंतर खरोखरच फेरविचार झाला. वाट निघाली ती अशी: फेब्रुवारी २०११ मध्ये आधी सशांना होणारा रक्तस्रावी विषाणू सोडला. त्यानंच ऐंशी टक्क्यांहून जास्त ससे गेले, म्हणजे विष खाऊन मरणारे ससे तेवढे घटले. मग हिवाळ्यात सगळ्या बेटावर विष टाकलं आणि माणसं पायी हिंडून मेलेली जनावरं उचलत राहिली. तरीही दोन्ही वर्षं मिळून दोन हजारांहून अधिक पक्षी दगावले. हा आकडा लहान नाही, आणि मोहिमेच्या यशाची गोष्ट सांगताना तो गाळणं मला बरोबर वाटत नाही.

विषानंतर वाचलेल्या सशांच्या मागावर शिकारी आणि कुत्रे निघाले. पेंग्विन आणि सीलच्या गर्दीतून चालायचं, त्यांच्याकडे ढुंकून बघायचं नाही आणि फक्त सशाचा वास घ्यायचा, असं या कुत्र्यांना तयार केलं होतं. सापडले तेरा ससे. शेवटचा नोव्हेंबर २०११ मध्ये. त्यानंतर आणखी दोन-अडीच वर्षं माणसं आणि कुत्रे काही न सापडण्यासाठी चालत राहिले. एकूण चाल हजारो किलोमीटरची. मला वाटतं हाच कामाचा सगळ्यात कठीण भाग असणार. रोज भिजायचं, रोज तोच उतार चढायचा आणि संध्याकाळी वहीत 'काही नाही' लिहायचं. एप्रिल २०१४ मध्ये बेट मुक्त झाल्याचं जाहीर झालं.

कोबी परतली. उघड्या उतारांवर काही वर्षांतच रोपं दिसू लागली, गवताचे ठोंब उंच झाले, निळे पेट्रेल बेटावर पुन्हा घरटी करू लागले. सशांवर जगणारे तपकिरी स्कुआ हे शिकारी समुद्रपक्षी मात्र घटले, कारण त्यांचं एक भक्ष्यच गेलं होतं.

जे सशानं केलं नव्हतं

ससे अजून बेटावर होते तेव्हाच, २००८ च्या डिसेंबरात, पठारावरच्या अझोरेलाच्या उशा तपकिरी पडून मरताना दिसल्या. शेजारचं शेवाळही मरत होतं. अझोरेला हे काही सशाचं आवडतं खाणं नव्हे. शेकडो वर्षं जगणाऱ्या उशा काही मोसमांत गेल्या. २०१० मध्ये ही जात अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाली. बेटावर आणि टास्मानियात तिची रोपं जपून बियाण्याची तजवीज केली गेली.

कारण शोधताना बर्गस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये केंद्राच्या हवामान-नोंदी पुढे ठेवल्या. त्यात एक गोष्ट वरवर उलटी वाटते. बेटावरचा वर्षाचा पाऊस गेल्या काही दशकांत वाढला आहे, कमी झालेला नाही. मग झाडं तहानेनं का मरावीत?

उत्तर वाऱ्यात आहे. दक्षिण गोलार्धात पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांचा पट्टा बळकट होत ध्रुवाकडे सरकतो आहे. ओझोनचा ऱ्हास आणि हरितगृह वायू ही त्यामागची मुख्य कारणं मानली जातात. मॅक्वारी त्या पट्ट्यातच येतं. वारा वाढला, ऊन पडण्याचे तास वाढले, त्यामुळे जमिनीतून आणि पानांतून उडणारं पाणी वाढलं. पाऊस वर्षाच्या बेरजेत जास्त, पण उन्हाळ्यात, म्हणजे झाडाला वाढायचं असतं तेव्हाच, हातात उरणारी ओल कमी. सलग सतरा उन्हाळे अशी तूट पडत गेल्याचं त्या अभ्यासात दिसलं. जी वनस्पती हजारो वर्षं कधी कोरडी पडलीच नाही, तिच्याकडे कोरड सोसायची सोय नसते. कमजोर झालेल्या उशांमध्ये रोगकारक जंतूंचाही हात असावा असं पुरावे सांगतात.

आपण पर्जन्यमापकातला आकडा बघतो आणि पाणी वाढलं की घटलं ते ठरवतो. शेतकरी तसं करत नाही. तो माती मुठीत घेऊन बघतो. अझोरेलाचं प्रकरण त्या मुठीतल्या मातीचं आहे.

वाऱ्याचा हा बदल किती वेगळा आहे, हेही पुन्हा तळ्यांनीच सांगितलं. वारा जोरात असेल तर समुद्राच्या फवाऱ्यातलं मीठ जास्त उडून पश्चिमेकडच्या तळ्यांत पडतं. गाळातल्या त्या खुणांवरून सॉन्डर्स यांच्या गटानं २०१८ मध्ये सुमारे १२,३०० वर्षांचा वाऱ्याचा इतिहास मांडला. एकाच बेटाच्या तळ्यांनी ससा आणि वारा अशा दोन्ही गोष्टींची साक्ष दिली, आणि दोन्ही वेगवेगळ्या ओळखता आल्या.

संरक्षणाचं कलम कुठे लावायचं

बेटाला १९३३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि १९९७ मध्ये ते जागतिक वारसा झालं, तेही मुख्यतः समुद्रतळाखालचे खडक इथे उघड्यावर आल्यामुळे. हे दर्जे असताना ससे चरतच होते. कागदावरच्या दर्ज्यानं जमिनीला जे मिळालं नाही ते मोहिमेनं दिलं. पण वारा अडवणारी मोहीम निघू शकत नाही. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी कोसळू लागलेल्या १९ परिसंस्थांची यादी केली, त्यात ससेमुक्त मॅक्वारीचं पठार आहेच.

यावरून सशांची मोहीम व्यर्थ गेली असं कुणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही. चराई असती तर आजच्या वाढत्या पावसानं उघड्या उतारांचं काय केलं असतं ते २००६ मध्ये दिसलंच आहे. हाताशी असलेला ताण काढला म्हणून उतारांना न आवरणाऱ्या ताणाशी झगडायला मुळं तरी आहेत. पठारावर मात्र करण्यासारखं आहे ते असं: बी जपणं, उशा कुठे तग धरतात ते शोधून त्या जागी माणसाची वर्दळ आणि बुटांना चिकटून येणारी माती रोखणं, आणि मोजत राहणं.

मोजणंही गृहीत धरता येत नाही. २०१६ च्या सप्टेंबरात बेटावरचं कायमचं केंद्र बंद करायचा निर्णय जाहीर झाला होता. शास्त्रज्ञांनी आरडाओरडा केला आणि काही आठवड्यांतच तो मागे घेतला गेला. सतरा उन्हाळ्यांची तूट दिसली ती रोज सकाळी कुणीतरी बाहेर जाऊन उपकरण वाचत होतं म्हणून.

एमराल्ड लेकमध्ये २०११ नंतरचे थर साचत आहेत. आणखी काही वर्षांनी तिथून काढलेल्या दंडगोलाची सगळ्यात वरची चकती मला बघायची आहे: गाळाचा वेग उतरला का, जुने डायटम परतले का, आणि त्या चकतीत मिठाचं प्रमाण किती आहे.